दुभाजकावरची झुडपं कुणाच्या नाकासाठी?

प्रति,
राज्यातल्या सर्व महापालिकांच्या वृक्ष प्राधिकरणांचे अध्यक्ष आणि सदस्य,
तसेच उद्यान विभाग आणि पथ विभागाचे अधिकारी,

विषय: रस्त्याकडेची लागवड कुठे, कशाची आणि कुणासाठी

सप्रेम नमस्कार.

माझी रोपवाटिका हमरस्त्याला अगदी चिकटून आहे. 27 वर्षांपूर्वी जागा घेतली तेव्हा समोरून दुपदरी रस्ता जायचा आणि पलीकडे ज्वारी असायची. आता सहा पदरी रस्ता, सर्व्हिस रोड आणि पलीकडे गाड्यांची शोरूम. धंद्याला रस्ता बराच म्हणायचा. गिऱ्हाईक गाडी थांबवतं, दोन कुंड्या डिकीत टाकतं आणि जातं. पण दिवाळीपासून जूनपर्यंत रोज सकाळी आमच्याकडे एक काम चालतं, ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं. कामावरच्या दोघी बायका ओलं फडकं आणि बादली घेऊन पुढच्या ओळीतलं एकेक पान पुसत बसतात. न पुसता ठेवलं तर क्रोटनचे रंगसुद्धा दिसत नाहीत, मग माल विकायचा कसा?

त्या बादलीबद्दल सांगायचंय. पहिल्या ओळीतली पानं पुसून झाली की बादलीतलं पाणी काळं होतं. मातीचं तांबूस नव्हे, काळं आणि हाताला चिकट. साबण लावल्याशिवाय ते नखांतून निघत नाही. चौथ्या ओळीतली पानं पुसली की पाणी नुसतं गढूळ होतं. पहिल्या आणि चौथ्या ओळीत अंतर किती? जेमतेम 15 फूट. मधे आहे कुंतीचं कुंपण. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून माझ्या सासूबाईंनी ते लावलं होतं, त्यात प्रदूषणाचा विचार कुणी केला नव्हता. आज ते छातीएवढं उंच आणि हातभर जाड आहे. रस्त्याकडच्या बाजूने पाहिलं तर पानं काजळलेली, आतल्या बाजूने पाहिलं तर हिरवीगार. एकाच झाडाची दोन तोंडं. हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे आणि तुम्हाला लिहायचं धाडस त्यातूनच आलंय.

आधी दोन गोष्टी कबूल करते. एक, मी रोपं विकते, त्यामुळे लागवड वाढवा म्हणण्यात माझा स्वार्थ आहे, तो धरूनच वाचा. दुसरी जास्त अवघड आहे. तुमच्या ज्या लागवडीवर मी पुढे टीका करणार आहे, तिच्यातली कित्येक रोपं माझ्याच वाफ्यांतून गेली आहेत. ठेकेदाराचा फोन येतो, ‘ताई, पिवळा डुरांटा 5 हजार, टिकोमा 500, परवा सकाळी टेंपो पाठवतो.’ कुठे लावणार, कशासाठी लावणार, हे आजवर एकाही ठेकेदाराने सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. बिल मिळालं की विषय संपला. शहराचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रकार एका शहराचा नाही.

त्या 5 हजार डुरांट्यांचं पुढे काय होतं ते बघा. ते लागतात दुभाजकावर. दुभाजकावर हिरवळ असावी याला माझा विरोध नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांची तिरीप त्याने अडते, मोठ्या रस्त्यावर ते महत्त्वाचं आहे. पण कागदावर त्या कामाचं शीर्षक ‘हवा प्रदूषण नियंत्रणासाठी हरितपट्टा’ असं असतं, तेव्हा मला प्रश्न पडतो. दुभाजकावर उभं कोण राहतं? तिथे बसथांबा नाही, शाळेचं फाटक नाही, भाजीची गाडी नाही. धूर सोडणाऱ्या गाड्या त्या झुडपांच्या दोन्ही बाजूंना आणि श्वास घेणारी माणसं त्या गाड्यांच्याही पलीकडे, पदपथावर. म्हणजे धूर आणि माणूस यांच्या मधे झुडूप नाहीच. वर दर महिन्याला मशीन फिरवून तो डुरांटा दीड फुटावर छाटून पेटीसारखा चौकोनी केला जातो. दीड फुटाच्या त्या पेटीने कुणाचं नाक झाकलं जाणार?

गाडीची धुराची नळी जमिनीपासून फूटभर उंचीवर असते. मोठ्या माणसाचं नाक साडेचार-पाच फुटांवर आणि बालवाडीतल्या पोराचं तीन फुटांच्या आत. धूर नळीतून बाहेर पडतो तेव्हा सगळ्यात दाट असतो आणि हवेत मिसळत जातो तसा विरतो. म्हणून रस्त्याकडेला दोन पावलांचं अंतरही मोलाचं. आईचं बोट धरून कडेने चालणारं पोर त्या दाट धुराच्या थेट रेषेत असतं. झुडपाला काम करायचं असेल तर ते तिथे, त्या रेषेत हवं. गाड्यांचा रस्ता संपतो आणि पदपथ सुरू होतो त्या कडेला, जमिनीपासून थेट वरपर्यंत भरलेलं.

असं कुंपण दोन कामं करतं, आणि लोकांना त्यातलं एकच ठाऊक असतं. पानांवर धूळ बसते हे सगळे जाणतात. दुसरं काम मोठं आहे. दाट कुंपण धुराचा झोत सरळ पदपथावर येऊ देत नाही, वर उचलून बाजूला वळवतं, आणि वर जाईपर्यंत त्यात स्वच्छ हवा मिसळते. म्हणून फट महत्त्वाची. कुंपणात मधेच दोन फुटांची फट राहिली किंवा बुडाशी नुसत्या काड्या राहिल्या, तर अडलेली हवा तिथूनच जोरात घुसते आणि त्या फटीसमोर उभ्या माणसाला उलट जास्त धूर मिळू शकतो. घराच्या खिडकीचं एकच तावदान फुटलेलं असलं की वारा कसा तिथूनच शीळ घालत येतो, तसं.

पान धूळ पकडतं म्हणतात, पण सगळी पानं सारखी पकडत नाहीत. रबराच्या झाडाचं गुळगुळीत पान पावसाच्या एका सरीने धुऊन निघतं, आणि वाऱ्यानेही त्याच्यावरची बरीच धूळ परत उडते. ज्या पानावर लव आहे, खरबरीतपणा आहे, शिरा उठून दिसतात किंवा मेणाचा थर आहे, ते बारीक कण धरून ठेवतं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर इथल्या एका गजबजलेल्या रस्त्यावरचा प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला होता, तो मला फार आवडतो. त्यांनी बर्च झाडांची लहान रोपं पेट्यांत लावून काही घरांसमोर 13 दिवस उभी केली. घरात धुराचे कण किती शिरले हे पाहायला त्यांनी टीव्हीच्या पडद्यावरची धूळ पुसून घेतली आणि तिच्यातले लोहयुक्त कण चुंबकत्वावरून मोजले. झाडं होती त्या घरांत कण निम्म्याहून कमी. ओलं फडकं आणि पुसलेली धूळ! आमच्या दोघी बायका वर्षानुवर्षं तेच करताहेत, फक्त आमच्याकडे मोजायचं यंत्र नाही.

पण बर्च आपल्या हवेत जगणार नाही, आणि तिकडचे आकडे तसेच्या तसे इकडे लागू होत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2016 मध्ये महामार्गांकडेच्या हिरव्या भिंतींसाठी शिफारशी केल्या. उंची 5 मीटर किंवा जास्त, जाडी 10 मीटर किंवा जास्त. आपल्याकडे 10 मीटरचा अख्खा रस्ता असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना रिक्षा उभ्या असतात. त्यामुळे आपल्याला आपल्या मापाचं काहीतरी शोधावं लागेल. महामार्गाकडेच्या मोकळ्या जागेत पाच-सहा ओळींचा पट्टा जमू शकतो. शहरात कुंपणच खरं.

आता ज्या मुद्द्यावर तुमच्यातले काही जण खूश होतील आणि माझे वृक्षप्रेमी मित्र रागावतील, तिकडे येते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती आणि वर झाडांचा घट्ट मांडव, हे चित्र दिसायला सुंदर असतं. सावली अप्रतिम. पण खाली वाहनांची रांग असेल तर तो मांडव धूर कोंडतो. गच्च्यांवरून वाहणारं वारं अशा गल्लीत उतरतं, गोल फिरतं आणि खालची हवा उचलून वर नेतं. जुन्या घराच्या धुराड्यासारखंच. मधे सलग, दाट पर्णसंभार आला की वाऱ्याचा वेग मंदावतो. धुराड्याच्या तोंडाशी गोणपाट कोंबल्यावर स्वयंपाकघरात काय होतं, ते चुलीवर स्वयंपाक केलेल्या कुणालाही विचारा. याच विषयावरच्या परदेशी संशोधनाचा 2017 मध्ये एक मोठा आढावा निघाला. त्यातही हेच आलं. इमारतींनी वेढलेल्या अरुंद रस्त्यात उंच, दाट झाडांनी हवा बहुतेक वेळा बिघडते आणि बुटक्या कुंपणांनी सुधारते. मोकळ्या रस्त्याकडेला मात्र जाड, सलग पट्टा उपयोगी पडतो.

याचा अर्थ करवत काढा असा नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण या आधारावर कुणी ‘हवेसाठी’ म्हणून वड पाडायला निघालं तर त्याच्या समोर पहिली मी उभी राहीन. एप्रिलच्या दुपारी 40 अंशांत सावली हीसुद्धा आरोग्याचीच गोष्ट आहे, आणि पक्षी, खारी, मधमाश्या या शहराच्या मालक नसल्या तरी भाडेकरू आहेतच. जुनं झाड आहे ते राहू दे. 1975 चा आपला झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आणि त्यातली 2021 ची दुरुस्ती 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणते, आणि ते तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायला सांगते. 60 वर्षांचं झाड, 60 रोपं. मला ती अदलाबदल कधीच पटली नाही, पण निदान त्यातून कुणीतरी मान्य केलं की झाडाला वय असतं. माझं म्हणणं नव्या लागवडीपुरतं आहे. अरुंद, वर्दळीच्या गल्लीत नवीन पर्जन्यवृक्षांची रांग लावू नका. तिथे कांचन, आपटा, तामण अशी छोटी, विरळ झाडं अंतर सोडून लावा, आणि आहेत त्या मोठ्या झाडांची जाणकाराकडून विरळणी करून घ्या. विरळणी म्हणजे वीज मंडळाच्या तारांखाली एका बाजूने अर्धं झाड उडवतात ती नव्हे.

जातींबद्दल थोडं तपशिलात लिहिते, कारण इथे मला खरंच काही कळतं.

आपली हवा सगळ्यात वाईट कधी असते? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि धूर तिथेच राहतो. सकाळच्या शाळेची वेळ आणि या अडकलेल्या हवेची वेळ एकच. आता आपण रस्त्याकडेला काय लावलंय ते पाहा. शिरीष जानेवारीत नुसता वाळक्या शेंगा खुळखुळवत उभा असतो. काटेसावर निष्पर्ण. पांगारा निष्पर्ण. गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडाशी खराटा होतो, बहावाही फुलण्याआधी पानं टाकतो. यातल्या एकाही झाडाशी माझं वैर नाही, बहावा फुलला की मी स्वतः स्कूटर थांबवते. पण ज्या महिन्यांत पानांची गरज त्याच महिन्यांत ज्याच्याकडे पानं नाहीत, त्याला धूर अडवायच्या कामावर लावू नका. त्या कामाला सदाहरित हवं.

झाडांत बकुळ, पुत्रंजीव, आंबा, जांभूळ. वाढायला सावकाश, पण वर्षभर पानांत. करंज आणि कडुनिंब उन्हाळ्यापूर्वी थोडे दिवस पानं गाळतात आणि लगेच भरतात, तेही चालतील. कुंपणासाठी कुंती माझी पहिली पसंती, सासूबाईंमुळे म्हणा हवं तर. पान लहान आणि दाट, छाटणी सोसते, पावसात फुलली की वास दरवळतो. अडुळसा लवकर भरतो, गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, पान मोठं, आणि पाणी कमी पडलं तरी तग धरतो. शिवाय खोकल्याच्या औषधाचं झाड खोकल्याच्या कारणासमोर उभं करण्यात मला थोडी गंमत वाटते. तगर चालते. मेंदी चालते, गावाकडचं कुंपण तेच.

कण्हेर हा एक वेगळा प्राणी आहे. महामार्गावरच्या दुभाजकांवर तीच का दिसते? कारण विषारी असल्याने गुरं खात नाहीत आणि पाण्यावाचून ती महिनोन्‌महिने काढते. कण्हेरीचं पान उलटं करून साध्या भिंगाखाली धरा. मागच्या बाजूला बारीक बारीक खळगे दिसतील आणि त्या खळग्यांत लव. तिची श्वसनरंध्रं त्या खळग्यांच्या तळाशी लपलेली असतात, म्हणूनच उन्हात आणि धुरात ती दमत नाही. महामार्गाला ती ठीक. पण शाळेबाहेर, बागेबाहेर कण्हेर लावू नका. पोरं पानं तोडतात, तोंडात घालतात. हे मी ठेकेदारालाही सांगते. तो ‘हो ताई’ म्हणतो.

कोनोकार्पसबद्दल एकच वाक्य. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे मात्र झटपट हिरवं दिसतं म्हणून त्याची मागणी अजून येते आणि मी ती घेत नाही. सातवीण वर्षभर हिरवी राहते, खरंय. पण ती रांगेने लावलेल्या रस्त्यावर ऑक्टोबरच्या रात्री, तिच्या फुलांच्या उग्र वासात, एकदा चालून या. दम्याच्या माणसांची तक्रार मग समजेल. निलगिरी तर नकोच. तिच्यासारखी काही झाडं स्वतःच वाफाळणारी द्रव्यं हवेत सोडतात आणि गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांबरोबर उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो, तोही श्वासाला वाईटच.

आणखी एक घोळ प्रकल्प अहवालांत नेहमी दिसतो. ‘प्रदूषण सहनशील प्रजाती’ अशी यादी असते. 1983 पासून आपल्याकडे संशोधक एक निर्देशांक वापरतात. पानातलं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, हरितद्रव्य, पानाच्या रसाचा सामू आणि पानातलं पाणी मोजून झाड प्रदूषणात किती तग धरेल ते त्यावरून ठरवतात. उपयोगी गोष्ट आहे. पण झाड तग धरतं म्हणजे ते धूर अडवतं असं नाही. आमच्या गल्लीतला एक म्हातारा 50 वर्षं बिड्या ओढून ठणठणीत आहे, म्हणून त्याच्याशेजारी बसणाऱ्याची फुप्फुसं सुरक्षित होत नाहीत.

आता तुमच्या बाजूने येणारे आक्षेप. काही मलाही पटतात.

पदपथाखाली केबल, पाण्याची लाइन, गॅसची लाइन असते, खोल खड्डा घेता येत नाही. बरोबर. पण कुंपणाला झाडासारखा तीन फुटांचा खड्डा लागत नाही. दीड ते दोन फूट खोल आणि तितकाच रुंद सलग चर, त्यात पोयटा आणि शेणखत, एवढ्यात काम भागतं. चौकाजवळ कुंपण उंच झालं तर वळणारा चालक आणि रस्ता ओलांडणारा माणूस एकमेकांना दिसत नाहीत. हेही बरोबर. चौकापासून काही अंतर कुंपण गुडघ्याएवढंच ठेवा किंवा ठेवूच नका.

तिसरा आक्षेप तुम्ही घेणार नाही, म्हणून मीच घेते. संशोधकांना दोन मीटर उंचीचं कुंपण आवडतं. रात्री साडेनऊला क्लासहून एकटी चालत येणाऱ्या मुलीला ते आवडेलच असं नाही. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला डोक्यावरून जाणारं झुडूप आणि मधे दिवा बंद, अशा पदपथावरून ती चालणार नाही. ती रस्त्यावर उतरून चालेल, म्हणजे कुंपणाच्या नको त्या बाजूला. म्हणून माझं मत असं की वस्तीतल्या रस्त्यावर कुंपण साडेचार फुटांवर थांबवावं. मोठ्या माणसाचा चेहरा पलीकडून दिसतो आणि लहान मुलाचं नाक झाकलं जातं. पूर्ण फायदा मिळणार नाही, पण लोक तिथून चालतील तरी. आणि दिवे पदपथाच्या बाजूला लावा. आपले दिवे नेहमी गाड्यांसाठी असतात.

लावल्यानंतरचं काम हा खरा रडकथेचा भाग. कुंपण बुडापासून भरायला हवं असेल तर लावल्यावर महिन्याभरात शेंडे खुडावे लागतात. ठेकेदाराला उंची दाखवायची असते, तो शेंड्याला हात लावत नाही, मग झुडूप वर छत्री आणि खाली काडी होतं. दोन ओळी हव्यात, समोरासमोर नव्हे तर तिरप्या, एका ओळीतल्या फटीसमोर दुसऱ्या ओळीतलं रोप. रोपांत फूट-सव्वा फुटाचं अंतर. छाटणी करताना बुडाला रुंद आणि वर किंचित निमुळतं ठेवायचं, नाहीतर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती झडतात. हे कुठल्याही माळीदादाला विचारा, त्याला माहीत असतं. त्याला कुणी विचारत नाही.

मग धुलाई. आपल्याकडे ऑक्टोबर संपला की जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नाहीच. युरोपात पाऊस महिन्याला पानं धुतो, आपल्याकडे सात-सात महिने थर चढत राहतो. थर चढलेलं पान नवी धूळ धरत नाही, उलट जोराच्या वाऱ्याला, ट्रकच्या झोताला जुनी परत सोडतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी टँकरने दुभाजकांवर नेतातच, त्या टँकरला मुळाशी पाइप सोडण्याऐवजी आठवड्यातून एकदा पानांवर फवारा मारायला सांगा. पाणी तेच, टँकर तोच. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडलेला पाचोळा कोपऱ्यात पेटवू नका. घनकचऱ्याचे नियम कचरा उघड्यावर जाळू नका म्हणतात. धूर अडवायला झाड लावायचं आणि त्याचीच पानं जाळून धूर करायचा, याला काय म्हणावं?

मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवतीच्या फरशीबद्दल इतक्यांनी इतक्या वेळा लिहिलंय की मी फक्त आठवण करून देते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. दिल्लीतल्या झाडाला तहान लागते तशी आपल्याकडच्याही लागते.

मी फार मोठं काही मागते आहे असं नाही, कारण झाडांकडून फार मोठं काही होणारही नाही. ब्रिटिश सरकारच्या हवा तज्ज्ञांच्या गटाने 2018 मध्ये स्पष्ट लिहिलं की अख्ख्या शहराच्या हवेत झाडांनी पडणारा फरक थोडाच असतो. मला ते पटतं. माझं कुंपण हमरस्त्याचा धूर कमी करत नाही, फक्त माझ्या चौथ्या ओळीला वाचवतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. त्यातल्या 131 शहरांत आपली 19 आहेत, मुंबई-पुण्यापासून जालना, लातूर, सांगलीपर्यंत. धुलीकण 2025-26 पर्यंत 40 टक्क्यांनी खाली आणायचं उद्दिष्ट त्यात ठेवलं गेलं. ते बस वाढवून, खोदकाम झाकून, जुनी वाहनं हटवून होईल. लागवडीच्या आकड्याने होणार नाही, आणि त्या आकड्याआड लपताही येऊ नये. झुडूप लावायचं ते अमुक फाटकासमोरच्या अमुक पोरांसाठी. मग मोजमापही तसंच ठेवा. निविदेत ‘रोपे: 5000 नग’ लिहायचं बंद करा. ‘पदपथाच्या कडेला, बुडापासून साडेचार फुटांपर्यंत भरलेलं, फट नसलेलं कुंपण, इतके मीटर’ असं लिहा आणि शेवटचा हप्ता दोन पावसाळ्यांनंतर, जागेवर टेप लावून द्या. माझ्यासारख्या रोपवाल्यांचा खप त्याने कमी होईल, कारण मेलेल्या रोपांच्या जागी नवी विकण्यावर आमचा अर्धा धंदा चालतो. चालेल.

शेवटी माझं काम. माझ्या रोपवाटिकेपासून चालत सात मिनिटांवर एक शाळा आहे. फाटक थेट हमरस्त्याच्या सर्व्हिस रोडवर उघडतं. सुटायच्या वेळी स्कूलबस, रिक्षा आणि पालकांच्या दुचाकी अशा तीन ओळी चालू इंजिनांनी उभ्या असतात आणि पोरं कंपाउंडला टेकून वाट पाहतात. कंपाउंड आणि सर्व्हिस रोडच्या मधे चार फुटांची मातीची पट्टी रिकामी आहे. गेल्या वर्षी मी तिथे कुंतीचं कुंपण स्वतःच्या खर्चाने लावून द्यायला तयार झाले. शाळा हो म्हणाली. मग समजलं की पट्टी शाळेची नाही. एका कार्यालयाने सांगितलं दुसऱ्याकडे जा, दुसऱ्याने सांगितलं झाडांसाठी अर्जाचा नमुना आहे, कुंपणासाठी नाही. तिसऱ्या खेपेला एका साहेबांनी आपुलकीने विचारलं, ‘ताई, वडाची दहा रोपं लावता का? फोटोही चांगला येईल.’ चार फुटांच्या पट्टीत दहा वड!

त्या शाळेसाठी ठेवलेली 320 रोपं अजून माझ्याकडे आहेत. अडीच फुटांची झालीत, तीनदा शेंडे खुडलेत, बुडापासून भरलीत. पिशव्या मात्र आता लहान पडताहेत, कित्येकींच्या तळातून मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरली आहेत. अजून एक उन्हाळा ती पिशवीत काढतील असं वाटत नाही. जूनच्या पहिल्या पावसाआधी 200 फूट लांब, दोन फूट खोल चर खणायची लेखी परवानगी हवी. माणसं माझी, खत माझं, दोन वर्षं पाणी माझं. अर्जाचा नमुना नसेल तर हेच पत्र अर्ज समजा.

आपली,
हमरस्त्याकाठची एक रोपवाटिकावाली